सिद्रामप्पा आणि माझी मान

साहेबांच्या एका सरळ प्रश्नाला मी उलटं उत्तर दिलं आणि सिद्रामप्पाची नोकरी गेली. उत्तर दोन शब्दांचं होतं. सोबत मी मानही हलवली होती.

एरवी माझ्या मूर्खपणाच्या गोष्टी मी चवीनं सांगतो. मुलगी बघायला गेलो आणि तिच्या आत्यालाच पसंत करून आलो, ही तर घरी पाहुणा आला की बायको मला आग्रहानं सांगायला लावते. ही गोष्ट मात्र ती कधी सांगायला लावत नाही.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका कापडगिरणीत पत्रव्यवहाराचा कारकून होतो. जोशांचं इंग्रजी पक्कं, असा माझा लौकिक होता. तो पसरवण्यात माझाही हात होता. आमचे मॅनेजर हॅलमसाहेब माळावरच्या गोल्फ क्लबाचे सेक्रेटरी, म्हणून क्लबाची पत्रंही माझ्याकडंच. साहेब बोलायला लागले की माझी मान आपोआप हलायची. बोलणं कळलं तर हलायचीच, नाही कळलं तर जरा जास्त हलायची. एका शनिवारी सह्या करता करता ते काहीतरी पुटपुटले, मी मान हलवली, आणि साहेब एकदम खूश होऊन खुर्चीतून उठले. मागाहून कळलं, त्यांनी विचारलं होतं, "जोशी, तू गोल्फ खेळतोस काय?" रविवारी सकाळी सकाळी त्यांना जोडीदार मिळत नसे. बाकीचे साहेब त्या वेळी अंथरुणात असत. हरवायला कोणीतरी हवं होतं, ते आयतं समोर उभं होतं.

त्याच संध्याकाळी मी धावत माळ गाठला. सात रस्त्याच्या पुढं बंगले संपले की तो माळ लागायचा. गोल्फ म्हटलं की लोकांना चित्रातली हिरवळ आठवते. आमच्याकडं हिरवं काय ते निवडुंग. बाकी सगळा मुरूम आणि कुसळं. नऊ ठिकाणी वाळूत जळकं तेल कालवून चोपून बसवलेली तपकिरी वर्तुळं होती आणि प्रत्येकाच्या मधोमध चेंडू घालवायचा खड्डा. ही वर्तुळं झाडून सारखी करणारा, चेंडू शोधून देणारा, आणि क्लबाच्या मागच्या खोपटात बायकोसह राहणारा माणूस म्हणजे सिद्रामप्पा. कागदोपत्री माळी. तिथं फुलाचं एक झाड नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

पन्नाशी ओलांडलेला, खारकेसारखा सुकलेला माणूस. डोक्याला पांढरा पटका, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. मूळचा मैंदर्गीचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि साहेबांशी इंग्रजी. हे इंग्रजी एकाच शब्दाचं होतं: "हेड!"

"सिद्रामप्पा," मी म्हणालो, "उद्या सकाळी साहेबांशी खेळायचंय आणि मला काठी कुठून धरायची तेसुद्धा ठाऊक नाही."

"मग व्हय कशाला म्हनला?"

"म्हणालो नाही रे. मान हलली."

त्यानं मला खालून वर न्याहाळलं. "मग आदी तीच धराय पायजे."

त्यानं माझ्या हातात एक जुनी काठी दिली, चिमूटभर ओल्या वाळूची टेकडी करून तिच्यावर चेंडू ठेवला आणि म्हणाला, "मारा." मी सगळ्या जिवानिशी मारला. चेंडू चार हात गेला. माझी टोपी सहा हात गेली. सिद्रामप्पा दोन्हींच्या मधोमध जाऊन उभा राहिला, अंतर डोळ्यांनी मापलं आणि निकाल दिला, "टोपी जिंकली की."

मग त्यानं मला पाठीवर ऊन घेऊन उभं केलं. माझी लांबलचक सावली पुढं पडली होती. सावलीच्या डोक्यात त्यानं एक खडा ठेवला. "काठी मागं न्या, मारा, काय बी करा. खडा टकुऱ्यातनं भाईर जाता कामा नये." मी काठी मागं नेली आणि माझं सावलीतलं डोकं खडा तिथंच टाकून हातभर उजवीकडं निघून गेलं. मारायला आलो तेव्हा ते डावीकडं पळालं. आपलं डोकं जागेवर नसतं हे मला वडिलांनी पुष्कळदा सांगितलं होतं, पण असं डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

दहा-बारा वेळा तेच झालं. शेवटी सिद्रामप्पा समोर येऊन उभा राहिला. "जोशीसाब, राग धरू नगा," असं म्हणून त्यानं दोन बोटांत माझी शेंडी पकडली. "आता मारा." मी मारला, आणि डोळ्यांतून घळकन पाणी आलं.

"कळलं किती हलती?"

"कळलं. ओढतोस कशाला पण?"

"म्या कुटं ओढली? माजा हात हाय तितंच हाय. तुमीच गेला की."

माणूस हा असा होता. तो कोणाला ओढत नसे. तो एका जागी स्थिर उभा राही, आणि आपण किती हललो ते आपल्याला कळे.

साहेबलोकांना शेंडी नव्हती, आणि त्यांच्या अंगाला हात लावायची सोय नव्हती. त्यांच्यासाठी त्यानं दुसरी युक्ती काढली होती. वाळू सारखी करायच्या दाताळ्याचा दांडा तो लांबून साहेबांच्या हॅटच्या कडेला टेकवून धरायचा. एकदा पोलिसातले एक धिप्पाड साहेब शिकायला आले. पहिल्या फटक्याला दांडा लागून हॅट खाली पडली. साहेब लाल झाले. सिद्रामप्पानं हॅट उचलली, झटकली, अदबीनं परत दिली. "हेड, साब." दुसऱ्यांदा पडली. साहेबांनी सिद्रामप्पाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि तोसुद्धा इंग्रजीत, म्हणजे फुकटच. "हेड, साब." तिसऱ्यांदा हॅट जागेवर राहिली आणि चेंडू नाल्यापार गेला. साहेब चेंडूकडं बघायचं विसरून त्या दांड्याकडंच बघत राहिले.

बाकीचे जाणकार एकमेकांना सांगायचे, मान खाली ठेव. सिद्रामप्पाला ते पटत नसे. "खाली म्हनलं की मानसं हनवटी छातीत खुपसत्यात," तो म्हणायचा. "मग खांदा कुटनं फिरंल? खाली न्हवं, जाग्यावर. मारल्यावर खांदा फिरत येतो, हनवटीला खेटतो, आन् म्हनतो, चल उठ आता. तवा उठायचं. त्याच्या आदी कोन बी हाक मारली तरी उठायचं न्हाय." आणि मी उठलो की लांबून कानडीत ओरडायचा, "तली!" तली म्हणजे डोकं. माझ्या डोक्याला इतक्या प्रेमानं दुसऱ्या कोणी हाक मारलेली मला आठवत नाही.

हे सगळं तू कुठं शिकलास, असं मी एकदा विचारलं. तरुणपणी तो गावोगाव विहिरी खोदायच्या कामावर होता. खडकात सुरुंगाची भोकं पाडायची तर एकानं पहार धरून बसायचं आणि दुसऱ्यानं तिच्या माथ्यावर घण घालायचा. घणवाल्याची मान हलली तर पहारवाल्याचा हात गेला.

"मग कोणाचा गेला?" मी विचारलं. अशा गोष्टीत एक तरी हात जातोच, अशी माझी समजूत.

"कुनाचा न्हाय. म्हून तर शिकवतोय."

"पहार कोण धरायचं?"

"आमची गंगव्वा की."

खोपटाच्या दारात त्याची बायको शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर करून मला एकदा बघितलं आणि पुन्हा शेंगांकडं वळली. बाई कमी बोलायची. बोलली तर एकच वाक्य, आणि त्या वाक्यानंतर समोरचा घरच्या चहाची आठवण होऊन उठायचा.

तीन वर्षं मी रविवारी सकाळी साहेबांकडून हरत आलो, पण हळूहळू कमी फरकानं. माळावर सिद्रामप्पाचं एक वाक्य होतं, ते ऐकल्याशिवाय माझ्या हातून फटका निघत नसे. आपण मारल्याबरोबर चेंडू गेला कुठं ते बघायला जीव कासावीस होतो आणि तिथंच डोकं उचललं जातं. म्हणून तो शेजारी उभा राहून सांगायचा, "चेंडू कुटं गेला ते मी बगतो. तुमी हितं बगा." मग आपण वाळूच्या विसकटलेल्या चिमटीकडं निर्धास्त बघत राहायचं. दुसरं कोणीतरी आपल्यासाठी बघतंय, एवढ्या भरवशावर माणूस किती स्थिर राहू शकतो!

तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी माझा चेंडू लांब गेला. सिद्रामप्पा नेहमीसारखा सरळ चालत निघाला, एका जागी थांबला, वाकला, आणि त्यानं एक पांढरी गारगोटी उचलली. बोटांनी चाचपली. खाली टाकली. मग त्याचा हात जमिनीवर आंधळ्यासारखा फिरू लागला. साहेब पुढं गेले होते.

"जोशीसाब," तो हळूच म्हणाला, "जरा तुमीच बगता का?"

डोळ्यांसमोर धुकं आल्यासारखं दिसतं म्हणाला. उन्हात तर सगळंच पांढरं. मी म्हणालो, दवाखान्यात दाखव. तो म्हणाला, "दावलं की साबलोकांस्नी कळलं. चेंडू दिसंना त्या माळ्याला कोन ठेवंल? गावाकडं काय हाय आमचं? कुनापाशी बोलू नगा." मी शब्द दिला. त्यानंतर तो कानानं काम करू लागला. फटक्याच्या आवाजावरून चेंडू कुठल्या अंगाला गेला ते सांगायचा, आणि रविवारी तरी मी पुढं होऊन तो शोधायचो. फटक्याच्या आवाजावरून कोणाची मान हलली तेही त्याला कळायचं. ते सांगायला डोळे लागत नव्हते.

पण इतर दिवशी मी नसायचो. त्याच सुमाराला गिरणीच्या विणकाम खात्यावर एक नवे गोरे विव्हिंग मास्तर आले. त्यांचे महिन्याभरात सहा-सात चेंडू गेले. विलायतेहून मागवलेले नवेकोरे चेंडू. माळी उचलतो आणि बाजारात विकतो, असं त्यांनी ठरवून टाकलं. हॅलमसाहेबांना ते मुळीच पटलं नव्हतं. त्यांना हे प्रकरण मिटवायचं होतं. म्हणून एका रविवारी क्लबाच्या व्हरांड्यात, विव्हिंग मास्तरांसमोर, त्यांनी मला साक्षीला उभं केलं. सिद्रामप्पा पायरीशी दाताळं धरून उभा होता. साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं, त्याला चेंडू खिशात घालताना तू काही पाहिलेलं नाहीस ना?

मी म्हणालो, "येस सर." आणि मान हलवली.

आपल्याकडं असंच बोलतात. पाहिलं नाहीस ना? होय, नाही पाहिलं. होय म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबर. इंग्रजीत ही गाडी उलटी धावते. पाहिलं नसेल तर तिथं 'नो' म्हणायचं असतं. 'येस' म्हटलं की पाहिलं. हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. धाकट्या कारकुनांना मीच हे समजावून द्यायचो, त्यांच्या चुकांवर हसायचो. पण समोर साहेब होते, आणि माझ्या मनात दुसरीच काळजी होती: त्याच्या डोळ्यांचं गुपित फुटता कामा नये. मी ते गुपित राखत होतो. अगदी इमानानं राखत होतो. आणि इकडं मान हलली.

हॅलमसाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी पुन्हा विचारलं असतं तरी मी सावरलो असतो. पण त्यांना पुन्हा विचारवलं नाही. ते सिद्रामप्पाला फक्त म्हणाले, "जाओ."

सिद्रामप्पानं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडाकडं नव्हे, थोडं वर. मग त्यानं दाताळं भिंतीला टेकवून ठेवलं आणि माझ्याशी मराठीत बोलला, कारण तिथं मराठी समजणारा मी एकटाच होतो. "तीन नंबरची वाळू आज वली हाय. साबास्नी म्हनावं, त्याच्यावर चालू नगा." आणि खोपटाकडं निघून गेला.

तो निम्म्या वाटेवर असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तोंड उघडलं. तेवढ्यात विव्हिंग मास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "गुड मॅन!" माझ्या पाठीवर पडलेली गोऱ्या माणसाची ती पहिली थाप. गिरणीत हेडक्लार्कची जागा त्याच महिन्यात रिकामी व्हायची होती. पत्रव्यवहाराच्या कारकुनाला 'येस' आणि 'नो' मधला फरक कळत नाही, हे त्या व्हरांड्यात सांगायचं? म्हटलं, उद्या सांगू. उद्या साहेबांना कामं होती. परवा त्यांचा मूड ठीक नव्हता. तेरवा मला पडसं झालं, आणि ते मी चांगलं चार दिवस पुरवलं. खोपटातलं सामान आवरायला त्या दोघांना आठवडा दिला होता. तो आठवडाभर मी सात रस्त्याकडं फिरकलो नाही.

हेडक्लार्क झालो. हॅलमसाहेबांनी मला पुन्हा कधी खेळायला बोलावलं नाही. रविवारी सकाळी तेही माळावर जाईनासे झाले, असं शिपाई म्हणायचा. दोन वर्षांनी ते कायमचे विलायतेला गेले. निघण्यापूर्वी गिरणीत सगळ्यांशी हात मिळवला, माझ्याशीही. तेव्हा सांगता आलं असतं. मी मान हलवून निरोप दिला.

पुढं निवडुंगावर किडा पडला. सरकारनंच तो मुद्दाम सोडलाय म्हणायचे. बघता बघता माळावरची निवडुंगाची बेटं पांढुरकी होऊन लोळागोळा झाली. त्या सडक्या ढिगाऱ्यात नव्या माळ्याला चेंडू सापडले. एक-दोन नव्हे, अकरा. पिवळे पडलेले, तडकलेले. त्यानं ते माझ्या टेबलावर आणून ठेवले. मी दार लावून घेतलं आणि बराच वेळ त्यांच्याकडं बघत बसलो. मग रुमालात बांधले आणि सर्व्हिस मोटारीनं अक्कलकोटावरून मैंदर्गी गाठली.

सिद्रामप्पा घरापुढच्या कट्ट्यावर अंबाडीचं दोरखंड वळत बसला होता. दृष्टी पुरती गेली होती. रस्त्यानं बकरं गेलं, त्यानं मान तिकडं वळवली. कुणाचं दार वाजलं, मान इकडं. माझं पाऊल वाजलं तशी ती माझ्याकडं आली आणि थरथरत राहिली. आम्हा सगळ्यांची डोकी जागेवर ठेवणारा हा माणूस!

"कोन हाय?"

"मी जोशी. गिरणीतला."

त्याचे हात थांबले. "या, बसा की. गंगव्वा, पानी आन. सोलापूरचे साब आल्यात."

मी रुमाल सोडून त्याच्या ओंजळीत चेंडू ठेवले. निवडुंगात सापडले म्हणून सांगितलं. तो एकेक चेंडू अंगठ्यानं चाचपू लागला. लोखंडी काठीची धार चेंडूच्या माथ्यात बसली की चीर पडते, आणि ती बसते मारणाऱ्याचं डोकं वर उचललं गेलं की. "ह्यो डोस्कं उचललेला," तो म्हणाला. "ह्यो बी. ह्यो तर लईच घाईत उचललेला." तो हसला. अकराच्या अकरा चेंडू झाल्यावर ते त्यानं हलक्या हातानं रुमालात परत ठेवले. "म्या घेतलं न्हवतं," तो म्हणाला. मला सांगत नव्हता. नुसतंच म्हणाला.

मग मी बोललो. मोटारीत बसून सगळी जुळवाजुळव केली होती. आपल्याकडं होय कसं म्हणतात, इंग्रजीत ते उलटं कसं होतं, साहेबांचा प्रश्न नकारार्थी कसा होता, माझ्या मनात काय होतं आणि तोंडातून काय गेलं. इतकं व्याकरण मी जन्मात कोणाला समजावलं नसेल. गंगव्वा पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी राहिली होती.

"तुमी मान हलवली ते दिसलं हुतं मला," सिद्रामप्पा म्हणाला. "डोळं एवडं बी गेलं न्हवतं तवा." मग तो म्हणाला, "मला वाटलं, जोशीसाबास्नी खरंच वाटत असंल. म्या चोर हाय म्हून. त्येचंच वाईट वाटलं बगा. नोकरी काय, डोळं गेलं तसं जानारच हुती." त्यानं दोरखंडाचं टोक चाचपून पुन्हा हातात घेतलं. "वाटत न्हवतं म्हनताय, तर मग झालं. बरं झालं आला."

त्याचा चेहरा खरोखरच मोकळा झाला होता. मला इतकं हलकं वाटलं की मी चक्क तांब्यासाठी हात पुढं केला.

गंगव्वानं तांब्या माझ्या हातात दिला नाही, माझ्यापुढं खाली ठेवला.

"इंग्रजी चुकलं म्हनता," ती म्हणाली. "असंल. आमाला काय कळतंय त्यातलं! पर आमी आठ दिस तितंच खोपटात बसून हुतो. मराठी तर येत हुती की तुमाला?"